घास मोजण्याची खोली

परवा सकाळी मी देवापुढे दिवा लावत होतो, तेव्हा पुढच्या खोलीत मोजपट्टी सरकल्याचा आवाज आला. धाकटा भाऊ सुताराला आणून माप घेत होता. म्हणाला, "दादा, तुझं घशाचं ऑपरेशन. आवाज राहील की नाही, डॉक्टरच सांगत नाहीत. तुझा शिकवणीचा वर्ग बंदच पडणार, तर इथे माझ्या दुकानाचा अंदाज घेऊन ठेवतो."

मी दिवा लावून घेतला. हे लिहायला बसलो.

मी, या घराचा मालक, वय एकोणपन्नास, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दडपणाखाली नसून, थोडा भीत मात्र असून, लिहून ठेवतो की:

एक. घर मी स्वतःच्या कमाईतून बांधले आहे. पत्नीने त्यात तहहयात राहावे. बँकेतली शिल्लक तिचीच. मागची खोली धाकट्याला. तो घाईत विसरून गेलेली मोजपट्टीही त्याला परत द्यावी.

दोन. पुढची खोली, फळा व सतरंज्या माझ्या पश्चात मुलीला. तिथे तिने मुलांना इंग्रजी शब्द फोडायला शिकवावे.

पद्धत अशी. मी गावच्या शाळेत शिकलो. 'स्कूल' मराठीत लिहिताना अक्षरे दोन, म्हणून टाळ्याही दोन वाजवायचो. मुले आजही तेच करतात. त्यांनी हनुवटीखाली हात धरून शब्द म्हणावा. हनुवटी जितक्यांदा खाली येईल, तितके तुकडे. आम्ही त्यांना घास म्हणतो. 'स्कूल' एक घास, 'पेन्सिल' दोन. माझी मुलगी अडखळत बोलते. ती लहान असताना तिच्यासोबतच हे मला सापडले. देवाने दिले, असे मी मानतो.

काल धाकट्याने हे कलम वाचले. "जिला स्वतःचं नाव धड सांगता येत नाही, तिच्याकडून पोरं काय शिकणार? अडखळायला?"

मुलगी दारातच होती. "का... काका बरोबर बोलतात, बाबा. देऊन टाका त्यांना खोली."

ऑपरेशनपेक्षा मला या वाक्याची जास्त धास्ती बसली. मी गेल्यावर ती खरेच देऊन टाकेल.

म्हणून आज सकाळी तिच्या हातात खडू दिला आणि मुलांच्या मागे जाऊन बसलो. शब्द होता 'बनाना'. ती 'ब'वर अडकली. ब... ब... धाकटा पुन्हा सुताराला घेऊन आलेला, दारात हाताची घडी घालून उभा. पुढचा घास माझ्या ओठांवर आला होता, तो मी गिळला. मुले हनुवटीखाली हात धरून थांबली. शेवटी शब्द बाहेर पडला.

पुढे बसलेली चिमुरडी म्हणाली, "ताई, पाच घास."

कुणी हसले नाही. मुलीने तिच्याकडे पाहिले. "त्यातला पहिला मी ती... तीनदा चावला. तो एकच धर. आता किती?"

"तीन."

"बरोबर. चावून खावं."

मग सगळा वर्ग हसला. सुतारही हसला. धाकटा निघून गेला.

तीन. वर्ग सुटल्यावर मुलीला घेऊन नोंदणी कार्यालयात गेलो आणि पुढची खोली बक्षीसपत्राने तिच्या नावे करून दिली. सही करताना ती आपले नाव घासाघासाने पुटपुटत होती. सबब वरील दुसरे कलम मी खोडले आहे. जे माझे उरले नाही, ते मी मागे काय ठेवणार?

साक्षीदार:
१. सुतार (त्याच मापात आता पुस्तकांचे कपाट करणार आहे)
२. शेजारचा शिंपी

सही: चिमुरडीच्या ताईचे बाबा
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी
स्थळ: मुलीची पुढची खोली, तिच्या परवानगीने