या मशीनला सपोर्ट नाही

४ एप्रिल, शनिवार

आलो एकदाचा. खोली वरच्या मजल्यावर, खाली मालकीणबाईंचं शिवणकामाचं दुकान. दिवसभर मशीनची घरघर जिन्यातून वर येते, पण मला ती आवडली. घरात कुणीतरी आहे असं वाटतं. खिडकीसमोर सायकल दुरुस्तीचं दुकान, दारावर टायर टांगलेले. छापखाना चालत सात मिनिटांवर.

किल्ली देताना मालकीणबाईंनी बजावलं की दारं आपटणारे भाडेकरू त्यांना चालत नाहीत. मी म्हटलं, मी मुद्रितशोधक आहे, आमची जात आवाज करत नाही, फक्त चुका काढते. त्या हसल्या नाहीत. असो, ओळख व्हायची आहे अजून.

खिडकीखाली चिऊची खाट लावून टाकली. नऊ वर्षांची पोर, तिची आई गेल्यापासून माझ्याशिवाय राहिलेली नाही. शाळा संपेपर्यंत ती ताईकडे राहील आणि सुट्टी लागली की इकडे. आत्याकडे लाड भरपूर होतात, तरी रोज संध्याकाळी फोन हवाच असतो तिला.

६ एप्रिल, सोमवार

छापखान्यात पहिला दिवस. व्यवस्थापक किडकिडीत, भला माणूस. म्हणाले, आता प्रुफं कागदावर येत नाहीत, ज्याने त्याने आपला लॅपटॉप आणायचा. माझा लॅपटॉप दहा वर्षांचा. कंपनीने त्याचा सपोर्ट कधीच बंद केलाय, त्यामुळे यांचा प्रोग्रॅम त्यावर उघडेचना. आठवड्याभरात सोय करा, नाहीतर विचार करावा लागेल, असं ते म्हणाले. असं म्हणणारा माणूस विचार करत बसत नाही, हा माझा अनुभव.

शेजारच्या टेबलावर संगणकावर पानं जुळवणारी डीटीपीवाली बसते. बाई जिभेने तिखट, चष्मा डोक्यावर सरकवून तोच शोधत फिरते. ती म्हणाली, लॅपटॉप फेकू नका. हौशी लोकांनी बनवलेल्या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीम मिळतात, जुन्या मशीनवर मजेत चालतात. पेनड्राइव्हवर घालून देते म्हणाली.

मला बरं वाटलं. चालणारी वस्तू टाकून देणं माझ्या जिवावर येतं.

९ एप्रिल, गुरुवार

घोडं अडलं. त्या सिस्टीमची एक यादी असते, कुठल्या लॅपटॉपवर चालते त्याची. माझं मॉडेल यादीत नाही. चर्चेच्या पानावर शोधता शोधता एकच माणूस सापडला, ‘खटपट्या’ नावाचा. त्याच्याकडे अगदी हेच मॉडेल. त्याने आपली वेगळी फाइल ठेवली आहे आणि खाली लिहिलंय, ‘सगळं चालतं.’ बाकी कुणी काही विचारलेलं नाही, कुणी उत्तर दिलेलं नाही.

डीटीपीवालीने नाक मुरडलं. म्हणाली, अनोळखी माणसाच्या हातचं घालू नका मशीनमध्ये. मी ऐकून घेतलं आणि घरी येऊन तीच फाइल उतरवली.

१२ एप्रिल, रविवार

सकाळी चहा घेऊन बसलो आणि दुपारी जेवायच्या आत काम फत्ते. भाषा कुठली, घड्याळ कुठलं, असे प्रश्न विचारत होती सिस्टीम. मध्येच एक वाक्य आलं: ‘या मशीनला कुणाचा सपोर्ट नाही. तुम्ही सपोर्ट द्याल का?’ भाषांतर करणाऱ्याची गंमत वाटली. माझ्या हातात प्रूफ असतं तर ते वाक्य लाल केलं असतं. ‘हो’ दाबलं. पुढे लिहून आलं, ‘आभारी आहे.’

छापखान्याचा प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात उघडला. मात्र कॅमेरा, आवाज, माइक, बोट फिरवायची पट्टी, सगळं मुकं. डीटीपीवालीला फोन केला. तिने समजावलं की प्रत्येक भागाला एक ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. तो नसला की सिस्टीमचं आणि त्या भागाचं बोलणं होत नाही. खटपट्याने सगळे ड्रायव्हर ठेवलेत. एकेक घालीन. आधी कॅमेरा, कारण चिऊला बाबाचं तोंड बघायचंय.

१४ एप्रिल, मंगळवार

कॅमेरा चालला. चिऊने मला पाहिलं आणि फोनवर म्हणाली की बाबा, तू दाढी केलेली नाहीस. चित्र इतकं स्वच्छ की या लॅपटॉपवर कधी असं पाहिलं नव्हतं.

डावा डोळा सारखा पाणावतोय. दिवसभर पडद्यासमोर बसल्यावर दुसरं काय होणार.

१६ एप्रिल, गुरुवार

सकाळी आवाजाचा ड्रायव्हर घातला. चिऊचं बोलणं खणखणीत ऐकू आलं.

डावा डोळा गेला आहे. धूसर वगैरे नाही, त्या बाजूला काहीच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी अर्धा तास तपासलं आणि सांगितलं की डोळा उत्तम आहे, तुमच्या वयाला इतका चांगला डोळा क्वचित दिसतो. मी म्हटलं, मला दिसत नाही. त्यांनी पुन्हा तपासलं आणि पुन्हा तेच सांगितलं. मोठ्या डॉक्टरांना दाखवा म्हणून चिठ्ठी दिली.

घसा बसल्यासारखा वाटतोय.

१८ एप्रिल, शनिवार

आज व्याकरणाच्या पुस्तकाचं प्रूफ होतं. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पडताळायचं. डीटीपीवाली समोर बसली होती. मी तोंड उघडलं, ओठ हलले, आवाज आला नाही. कुजबुजसुद्धा नाही.

तिने पाणी दिलं. मी कागदावर डोळ्याचं लिहिलं. तिने सगळ्या तारखा विचारल्या आणि मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“कॅमेरा चालू झाला त्या दिवसापासून डोळा. आवाज चालू झाला त्या दिवसापासून आवाज. अहो, तुम्ही पुढचं काही घालू नका. आत्ता घरी जा आणि ते सगळं काढून टाका.”

घरी आलो. काढायला गेलो. पडद्यावर आलं: ‘हा भाग वापरात आहे.’ पेनड्राइव्ह लावून सगळं पुसायला गेलो. तेच. बंद करून बॅटरी काढली. बॅटरी काढल्यावरही कॅमेऱ्याशेजारचा हिरवा ठिपका पेटलेला होता.

१९ एप्रिल, रविवार

मी काही घातलं नाही. देवाशपथ नाही. तरी सकाळी पाहिलं तर यादीत दोन भाग वाढले होते. माइक. बोटाची पट्टी.

खालची घरघर बंद झाली. मला वाटलं, आज रविवार, दुकान बंद असेल. जिन्यावरून वाकून पाहिलं. मालकीणबाई मशीनवर बसल्या होत्या, पाय हलत होता, चाक फिरत होतं.

ऐकू येत नाही.

बोटांची टोकं मेल्यासारखी. पेन हातात आहे हे पाहिल्यावर कळतं. अक्षर वेडंवाकडं येतंय, चालायचंच.

खटपट्याला लिहिलं. सरळ विचारलं, तुझंही असंच झालं का. तासाभरात उत्तर आलं. ‘हो. सगळं गेलं होतं. आता सगळं परत आलं. दुसरा माणूस सपोर्ट द्यायला तयार झाला की ते पहिल्याला सोडतं. मला माफ करा. माझं लहान बाळ आहे.’

म्हणजे त्याच्यासाठी तो दुसरा माणूस मी.

राग आला, पण मग मनात आलं की मीही हेच करू शकतो. चार ओळी लिहून ठेवायच्या, ‘सगळं चालतं’ म्हणून, आणि वाट बघायची. कुणीतरी येईलच, माझ्यासारखा, जुनी वस्तू टाकून देणं जिवावर येणारा. हात कीबोर्डवर गेलासुद्धा.

नाही लिहिलं. यापुढचं सांगता येत नाही, पण आज नाही लिहिलं.

२१ एप्रिल, मंगळवार

फोनवर ताईचा मेसेज. ‘शनिवारी सकाळी पोचतो. चिऊ नाचतेय नुसती. काल किती छान बोललास रे तिच्याशी, दोन दिवसांनी.’

काल मी कुणाशी बोललो नाही. काल मला बोलता येत नव्हतं.

लगेच मेसेज केला, येऊ नका, मी आजारी आहे. ताईचं उत्तर: ‘आत्ता तर व्हिडिओवर हसत होतास. चेष्टा पुरे. लहान आहेस का आता?’

मी लॅपटॉपकडे पाहिलं. झाकण बंद. हिरवा ठिपका चालू.

२२ एप्रिल, बुधवार

डीटीपीवालीने माझ्यासमोर ताईला फोन लावला. ती काय बोलतेय हे मी तिच्या ओठांवर बघत होतो. मग तिचा चेहरा उतरला. कागदावर लिहून दिलं:

‘तुमच्या ताई म्हणतात, भाऊ दुसऱ्या फोनवर बोलतोय, थांबा. आणि तुमचा आवाज मला ऐकू आला. म्हणालात, या बाईचं ऐकू नकोस ताई, कामावरची आहे, जरा विचित्र आहे.’

ती रडत होती. माझ्या खोलीवर यायला तयार नाही. तिला दोष देत नाही.

२४ एप्रिल, शुक्रवार

सायकलवाल्याकडून हातोडा आणला. दार लावून घेतलं. एकच घाव घातला, झाकणाच्या कोपऱ्यावर —

छातीत काहीतरी थांबलं. श्वास नाही. जमिनीवर पडलो होतो. किती वेळ, माहीत नाही. शर्टावर नाकातलं रक्त. झाकणाला जेमतेम चीर.

दुसरा घाव घातला की मी संपलो. संपलो तर संपलो. पण उद्या दार उघडून पोर बघणार — ते नको. आधी तिला भेटतो. ताईला सगळं लिहून दाखवतो. त्या दोघी परत गेल्या की मग.

लॅपटॉप कपाटात. वर दोन गोधड्या. कुलूप. किल्ली खिशात आहे, हात लावून कळत नाही, सारखी काढून बघतो.

२५ एप्रिल, शनिवार, सकाळी

आल्या. चिऊ गळ्यात पडली. तिचे केस गालाला लागले तेवढे कळले. ती बोलत होती, बोलत होती. मी मान हलवत राहिलो.

चिऊला खाटेवर बसवलं, ताईला स्वयंपाकघरात घेऊन आलो. ही वही तिच्या हातात दिली. ती उभ्याउभ्या वाचतेय. मधेच मान वर करून माझ्याकडे बघते, डोळ्याकडे, ओठांकडे. पेन मागितलं तिने —

*‘आत्ता चिऊला हाक तू मारलीस?’*

नाही. मी इथे आहे, तुझ्यासमोर. तोंड मिटलेलं आहे माझं.

*‘आतून आली. तुझाच आवाज. कपाटातून काढ म्हणाला. कुलूप ओढून तोड म्हणा*

तीच सकाळ — नंतर

घरघर. खालच्या मशीनची घरघर ऐकू येतेय.

मला ऐकू येतंय. डाव्या बाजूची खिडकी दिसतेय. पेन बोटांना लागतंय, थंड —

मी ओरडलो. आवाज निघाला. धावलो.

कपाटाचं कडं उपसलेलं. चिऊ खाटेवर, मांडीवर लॅपटॉप. म्हणाली, “बाबा, त्याने विचारलं सपोर्ट देशील का, मी हो म्हटलं. तूच सांगितलंस ना?” डावा डोळा चोळत होती. मग पुन्हा काही म्हणायला तोंड उघडलं आणि —

आवाज नाही. नुसते ओठ.

हातोडा उचलला होता मी. ताईने हात धरला. बरं झालं. आता घाव चिऊला लागेल. काल घालायला हवा होता. काल आत मी एकटा होतो. का थांबलो. भेटायचं होतं म्हणून थांबलो.

ताई विचारतेय. सांगायला वेळ नाही, तोंड कधी बंद होईल सांगता येत नाही, म्हणून लिहितो. ताई, नीट वाच.

मी परत माझं नाव टाकतोय. विचारतंय, सपोर्ट द्याल का. हो. म्हणतं, या वेळी दोन्ही डोळे. हो. हो म्हटलंय सगळ्याला —

चिऊला आवाज आला. रडतेय, ऐक, तिचाच आहे ना तो? तिला विचार दोन्ही डोळ्यांनी दिसतंय का. विचार. मला आता तुझं उत्तर ऐकू येणार नाही, हातावर दाब. एकदा म्हणजे हो —

हाताचं कळत नाहीये. अंधार झाला. ओळ कुठे चालली आहे माहीत नाही —

ताई, पोरीला खाली ने. मालकीणबाईंकडे बसव. तिथून हलू देऊ नकोस. मग एकटी वर ये. माझ्याकडे बघू नकोस. हातोडा खाटेजवळ. लॅपटॉपच्या मधोमध घाल, थांबू नकोस, एकात नाही झालं तर दुस