एका गोपनीय विद्यार्थ्याविषयी

पाइक बे, मिनेसोटा
फेब्रुवारीतला मंगळवार (थंडी अशी की गाडीने सकाळी दोनदा नकार दिला)

तीर्थरूप आर्डिसवन्सं यांना मार्लिसचा मनापासून नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? डुलुथला म्हणे यंदा खिडकीच्या चौकटीपर्यंत बर्फ चढलाय. कृपा करून फावडं हातात घेऊ नका, शेजाऱ्याला सांगा. (तुम्ही सांगणार नाही हे मला ठाऊक आहे, पण लिहायचं म्हणून लिहिलं.) इकडे सगळं ठीक. कुत्र्याचं पोट बिघडलं होतं, ते आता ताळ्यावर आलंय. तुमच्या भावाची प्रकृती उत्तम आहे, जेवण व्यवस्थित जातं, घोरणं नियमित चालू आहे. त्याच्याविषयी यापुढे या पत्रात मी एक अक्षरही लिहिणार नाही, कारण मला लिहायचं आहे ते आमच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याविषयी, आणि त्याचं नाव कायद्याने मला घरच्या-दारच्या कुणालाही सांगता येत नाही. हा कायदा काय आहे याचं प्रशिक्षण दर ऑगस्टमध्ये सगळ्या स्टाफला मीच देते. तेव्हा नाव विचारू नका. एवढंच सांगते की विद्यार्थी सत्तावन्न वर्षांचा आहे, डावखुरा आहे, कागद गिरणी बंद पडेपर्यंत तिथेच नोकरीला होता, आणि नाताळात तुम्ही विणलेली लाल पट्ट्यांची टोपी योगायोगाने त्याच्याकडेही आहे.

वन्सं, मी अजून धक्क्यातून सावरलेले नाही, अक्षर लागलं नाही तर समजून घ्या. 

मागे तुम्ही मला विचारलं होतं, तू कॉलेजात नेमकं करतेस काय, आणि मी म्हटलं होतं की मुलं मध्येच कॉलेज सोडून जाऊ नयेत ते बघते. त्यावर तुम्ही म्हणालात, 'म्हणजे कुंपण घालतेस.' तसंच काहीसं. माझ्या हाताखाली शिकवण्या घेणारी पोरं आहेत, समुपदेशक आहेत, केल्सी नावाची एक तरतरीत सहायक आहे (टेक्सासहून आलीय, पहिल्या हिवाळ्यात ऑफिसातही हातमोजे घालून टाइप करायची), आणि गेल्या वर्षापासून एक यंत्रणाही आहे. कुणी वर्गाला येईनासं झालं की शिक्षकाने संगणकावर एक बटण दाबायचं. लगेच त्या विद्यार्थ्याच्या नावापुढे लाल झेंडा उभा राहतो आणि माझ्या टेबलावर येतो. मग आमच्याकडून आधी संदेश जातो, नंतर फोन, आणि तरीही हलला नाही तर प्रत्यक्ष भेट. ही यंत्रणा मी हट्टाने आणवली. प्राचार्यांपुढे तिच्यावर भाषणही केलं, त्यात 'एकही विद्यार्थी नजरेआड होणार नाही' असं वाक्य होतं आणि त्याला टाळ्या पडल्या होत्या. तर गेल्या महिन्यात एका सकाळी कॉफीचा कप हातात घेऊन मी संगणक उघडला आणि पहिलाच लाल झेंडा पाहिला. शिक्षक श्रीयुत टॉफ्टे, विषय गणित, विद्यार्थी चाचणीनंतर वर्गात फिरकलेला नाही. खाली नाव. वन्सं, कप माझ्या हातातच राहिला म्हणून कार्पेट वाचलं.

कारण त्याच सकाळी मी त्या विद्यार्थ्याला डबा भरून दिला होता. (विद्यार्थ्यांना मी डबे का देते, हा वेगळा विषय आहे.) तो दप्तर पाठीला लावून, गणिताचं जाडजूड पुस्तक काखेत मारून, 'उशीर होतोय' म्हणत माझ्यासमोर घरातून बाहेर पडला होता. आणि हे रोज चाललं होतं. आता तुम्ही म्हणाल, संध्याकाळी सरळ विचारायचं होतंस. कसं विचारणार? ऑफिसात कळलेली गोष्ट घरी वापरायची नाही, हा नियम. दर ऑगस्टला मी तो मोठ्या अक्षरांत पडद्यावर दाखवते. त्या रात्री जेवायला साधी कॅसरोल होती, बटाटे घालून ओव्हनमध्ये भाजलेली. समोर तुमचा भाऊ दुसऱ्यांदा वाढून घेत होता आणि सांगत होता की आज वर्गात समीकरणं झाली, फार छान शिकवतात टॉफ्टे. इतकं बेमालूम खोटं मी त्या माणसाच्या तोंडून लग्नापासून ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, अरे वा. दुसरं काय म्हणणार?

संदेश गेला, उत्तर नाही. मग फोन. हे फोन केल्सी करते, पण म्हटलं हा एक मीच करते. आमच्याकडे काय बोलायचं ते छापील असतं आणि ते जसंच्या तसं वाचायचं असतं. फोन उचलला गेला आणि पलीकडून ओळखीचा आवाज आला, "काय गं, येताना दूध आणायचंय का?" मी छापील कागद वाचायला सुरुवात केली, की नमस्कार, मी विद्यार्थी साहाय्य विभागातून बोलतेय, गेले काही दिवस आपण वर्गात दिसला नाहीत, आपल्याला काही मदत हवी आहे का. पलीकडे बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता. मग तो विद्यार्थी म्हणाला, "राँग नंबर," आणि फोन ठेवला. संध्याकाळी घरात दूध मात्र आलेलं होतं. त्यावरून आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

खरं सांगू का, हसू येण्यासारखं यात मला काही दिसत नव्हतं. फेब्रुवारी संपेपर्यंत विद्यार्थी वर्गात परतला नाही तर त्याचं नाव पटावरून कमी होतं. आणि हा विद्यार्थी एकदा गेला की पुन्हा येणारा नाही, हे मला जितकं ठाऊक आहे तितकं कुणाला असणार? गिरणी बंद झाल्यावर अख्खा उन्हाळा तो गॅरेजमध्ये एका खुर्चीत बसून होता. रेडिओसुद्धा लावत नसे. मग सप्टेंबरात घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करायच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं, नवी वही आणली, आणि एक दिवस दाढी करता करता गुणगुणताना मी त्याला ऐकलं. (घरं शेजारी-शेजारी असली की असं ऐकू येतं.) तो माणूस परत त्या खुर्चीत जाऊन बसला तर? ऑफिसात दार लावून मी झेंड्याकडे बघत बसायची.

पत्ता मात्र नाकाने लागला. एका संध्याकाळी टेबलावरचं गणिताचं पुस्तक बाजूला सारायला उचललं तर त्याला माशांचा वास. फ्रीझर उघडला तर कोळ्याच्या घरात शोभावा इतका वॉलाय मासा साफ करून, कागदात गुंडाळून रचलेला. मी इतके दिवस तो बाजूला ढकलून मटार काढत होते, वन्सं, आणि एकही विद्यार्थी नजरेआड होणार नाही म्हणून भाषणं देत होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या बुटांनिशी गोठलेल्या तळ्यावर गाडी घातली. तिथे दर हिवाळ्यात मासेमारीच्या झोपड्यांचं गावच वसतं हे तुम्हाला सांगायला नको, तुमचं बालपण त्यातच गेलं. गॉर्डीची हिरवी झोपडी लांबूनच ओळखता येते (गॉर्डी म्हणजे गिरणीतला तो, आमच्या लग्नात केकवर बसलेला). दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थिजले. आत आमचा एकटाच काय, टॉफ्टेंच्या वर्गातले गिरणीचे सगळेच गडी. माझ्या टेबलावरचे सगळे लाल झेंडे बर्फाला पाडलेल्या भोकांभोवती बादल्या पालथ्या घालून बसलेले. आणि प्रत्येकाच्या मांडीवर गणिताचं पुस्तक, एकाच पानावर उघडलेलं.

"वहिनी, दार लावा, ऊब जाते," गॉर्डी म्हणाला.

मी म्हटलं, मी वहिनी म्हणून आलेली नाही, कॉलेजतर्फे आलेय.

"मग कॉलेजला सांगा दार लावायला."

दार लावलं. मग हळूहळू कळलं ते असं. कॉलेज सोडायचं कुणाच्याच मनात नव्हतं. पण पहिल्या चाचणीत सगळे आपटले, आणि वर्गात टॉफ्टे विचारतात की कुणाला समजलं नाही, हात वर करा. आजूबाजूला अठरा वर्षांची पोरं, त्यांच्यात हात कोण वर करणार? म्हणून इथे बसून आपलं आपण उकलू असं ठरलं. उकलत मात्र काही नव्हतं, मासे तेवढे मिळत होते. मी विचारलं, अहो, मदतीसाठी माझा एवढा विभाग उभा आहे, तिथे का नाही आलात? तर म्हणे आलो होतो, सगळे मिळून आलो होतो. त्या टेक्सासच्या पोरीने विचारलं, मदत हवी का. आम्ही म्हटलं, नको नको, सहज डोकावलो. तर तिने 'ठीक आहे' म्हणून संगणकात तसं लिहून टाकलं. "पुन्हा विचारलंच नाही हो तिने," गॉर्डी अगदी दुखावून म्हणाला.

वन्सं, मला त्या बर्फावर घाम फुटला. आपल्याकडे कॉफीसुद्धा पहिल्यांदा विचारल्यावर कुणी घेतो का? पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा 'उगाच तुम्हाला त्रास' म्हणायचं, तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, अर्धाच कप' म्हणून भरलेला कप घ्यायचा. माझ्या आईने पाद्र्यालासुद्धा तीनदा विचारल्याशिवाय कप दिला नाही. आणि माझी ही महागडी यंत्रणा, कुठल्याशा दुसऱ्या राज्यात बनलेली, एकदा विचारते, 'नको' आलं की प्रकरण बंद करते. 'मदत देऊ केली, विद्यार्थ्याने नाकारली.' अशी नाकारलेली कितीतरी प्रकरणं मी स्वतः सही करून बंद केली होती. कितीजण 'अर्धाच कप' म्हणायला थांबले असतील आणि आम्ही भांडी विसळून मोकळे झालो असू.

मग मी तिथेच एका बादलीवर बसले आणि त्या लाल टोपीवाल्या विद्यार्थ्याला विचारलं, गणितात मदत हवी का. तो म्हणाला, नको, चाललंय ठीक. पुन्हा विचारलं. म्हणाला, तुम्हा लोकांना उगाच त्रास. तिसऱ्यांदा विचारलं. तो भोकातल्या पाण्याकडे बघत राहिला.

"बरं," तो म्हणाला, "अपूर्णांकांपुरतीच."

आता सोमवारपासून सगळे वर्गात जातात, आणि दुपारी आमचा एक शिकवणारा मुलगा झोपडीत जातो. प्राचार्यांना मी हे 'विद्यार्थी जिथे आहे तिथे साहाय्य' असं सांगितलंय. केल्सीला तीनदा विचारायची सक्त ताकीद दिलीय. ती म्हणाली, हे हट्टीपणाचं नाही का वाटणार? मी म्हटलं, तू एकदा करून तर बघ.

घरच्या सगळ्यांचा तुम्हाला नमस्कार. कंबरेला जपा.

तुमची,
मार्लिस

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. त्या विद्यार्थ्याने चाचणीनंतर आपल्या थोरल्या बहिणीला फोनवर सांगितलं होतं की तो वर्गात पहिला आला. बहिणीने जन्मभर शाळेत गणित शिकवलंय. तिने चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं आणि 'शाब्बास' लिहिलेला केक पोस्टाने पाठवला. तो केक खाल्ल्यापासून त्याला वर्गाचं दार दिसलं की मळमळतं. येत्या रविवारी तो फोन करून तिला खरं सांगणार आहे. अशी एखादी बहीण तुमच्या ओळखीत असेल तर तिला सांगा की हे पहिल्यांदाच ऐकतेयस असं दाखव. रागावू नकोस, आणि मदत देऊ करशील तेव्हा तीनदा विचार. हे पत्र वाचून लगेच शेगडीत टाका, माझी नोकरी आहे.

ता. क. २. पत्र माझ्या पर्समध्येच राहिलं आणि रविवार येऊन गेला. फोन स्वयंपाकघरात स्पीकरवर होता म्हणून सगळं कानावर आलं. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, वन्सं. मदत हवी का, असं एकदासुद्धा नाही. तो 'मी नापास झालो' म्हणाला, तुम्ही म्हणालात, "कुठलं गणित? पेन्सिल घे." आणि त्याने घेतली. रात्रीचं जेवण थंड झालं तरी तुमचं चालूच होतं. मी केल्सीला आता काय तोंड दाखवू?

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तेवढ्यात त्याच नावापुढे पुन्हा लाल झेंडा आला.  उघडून पाहिलं तर टॉफ्टेंनी लिहिलंय: 'हा विद्यार्थी तास संपला तरी वर्गातून जात नाही. प्रश्न विचारत राहतो. माझं जेवण राहतं. कृपया काहीतरी करा.' मुलं जाऊ नयेत म्हणून माझ्या विभागाकडे सतरा उपाय आहेत. जाण्यासाठी एकही नाही. मी दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. हेही गोपनीय आहे.