बाप वर, पोर खाली

२६ फेब्रुवारी १९३४

शुआन गेला. खड्डा खचला आणि तो खालीच राहिला.

दुपारी सासरे शेतातून एकटेच आले. कानात, भुवयांत, ओठांवर पिवळी माती. अंगणात मटकन बसले. "खचलं, सूनबाई. सगळं खचलं." मी कणीक मळत होते, तशाच हातांनी धावत सुटले. रताळ्यांच्या तळघरावरची आमची झोपडी कलंडलेली, आणि आत खड्डा नाहीच. सपाट माती! हातांनी उकरत राहिले. दोन नखं निघाली. शेजाऱ्यांनी धरून मागं ओढलं. म्हणे चार पुरुष खोल गेलेला माणूस, आता हाती लागतोय होय!

तळघर कुठलं आलंय! रताळ्यांच्या नावाखाली माजुआंगमध्ये काय उकरतात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जुन्या राजांची काशाची भांडी. आमच्या शेताखाली राजे झोपलेत आणि वर आम्ही राळ्याची पेज पिऊन दिवस काढतो.

चारचौघांत नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. इथं कोण ऐकतंय? शुआन. शुआन. शुआन.

२७ फेब्रुवारी

घसा बसला. जाड्या फानची भालेवाली माणसं आली, माझं रडणं बघून गेली. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "खराच मेलाय. बायको बघ की कशी ऊर बडवतेय."

गाव फानचं. जमिनीतून जे निघेल त्यात अर्धं त्याचं. चांगला माल असला तर सगळाच त्याचा. कोणी न सांगता गावाबाहेर गेला, की माल घेऊन पळाला असं धरायचं आणि घर पेटवायचं. सुगीत टोफूवाल्याचं पेटवलं. त्याची बायको बाहेर आली तेव्हा तिचे केस जळत होते. आता ती टक्कल झाकून फिरते. बोलत नाही कुणाशी.

आमचं निदान घर तरी राहिलं म्हणतात लोक. जळो ते घर!

१ मार्च

आज डोकं जरा चालायला लागलं. परत झोपडीत गेले. रहाटाला दोराचं टोक लोंबत होतं. हातात घेऊन पाहिलं — दोर तुटलेला नाही. कापलाय. विळ्यानं, एका घावात!

माजुआंगचा कायदा एकच. बाप वर, पोर खाली. आजोबांच्या काळी उलटं होतं — म्हातारे खाली उतरायचे, तरणे पोरगे वर रहाट धरायचे. चांगलं भांडं वर आलं की पोराची मती फिरायची. दोर परत खाली जायचाच नाही. वरून माती लोटायची आणि घरी येऊन रडायचं. असे किती म्हातारे गेले! शेवटी वडीलधाऱ्यांनी ठरवलं, आता उतरेल तो पोरगा. बाप काही पोराला गाडणार नाही. तेव्हापासून आजवर एकही पोर खाली राहिलं नव्हतं.

मग दोर कापला कुणी? बाप तर कापणार नाही. उरला कोण? लाइफू! माझा धाकटा दीर. त्या दिवशी भावाला जेवण द्यायला तोच गेला होता. शीळ घालत घरी आला होता मेला! आणि नव्या वर्षाला ज्वारीची दारू ढोसून काय म्हणाला होता? "दादा मेला तर सगळं माझंच." सगळे हसले होते. मीसुद्धा.

सासऱ्यांना टोक दाखवलं. चेहरा पांढराफटक. "घासून तुटला असेल." म्हटलं, "बाबा, मी काय कुक्कुलं बाळ आहे? विळ्याचा घाव मला कळतो." तर माझ्यापुढं हात जोडले त्यांनी! "कुणाला बोलू नकोस, सूनबाई. तुझ्या पाया पडतो."

एक पोर गेलं, आता दुसऱ्याला पाठीशी घालतायत.

२ मार्च

बोलले. फानच्या दारात उभी राहून, साऱ्या गावासमोर.

३ मार्च

मारलं त्याला. मीही मारलं.

खळ्यावरच्या झाडाला बांधला होता. फान विचारत होता, "भांडं कुठाय?" कारण दोर कापला म्हणजे काहीतरी वर आलं असणारच. लाइफू म्हणे, "कसलं भांडं? मी जेवण देऊन परत आलो. दादा वरच बसला होता. बाबांशी बोलत होता. हसत होता."

हसत होता! माझा माणूस मातीखाली कुजतोय, आणि म्हणे हसत होता! कावडीचा दांडा उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. दात पडले. रक्त माझ्या बाहीवर. लोक म्हणाले, शाब्बास. मी परत हाणला.

मग फानच्या माणसांनी त्याचे हात खळ्यावरच्या दगडी रुळाखाली धरले. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज. पोरगं आईच्या नावानं ओरडत होतं. आई जाऊन आठ वर्षं झाली.

सासरे रांगत आले. कपाळ जमिनीवर आपटत होते, रक्त डोळ्यांत उतरलं. "सोडा त्याला! मी सांगतो! मी —" फान थांबला. "काय सांगतोस?" म्हाताऱ्यानं तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं. "मी म्हातारा झालोय. मला मारा." एवढंच. फाननं लाथेनं बाजूला केलं.

आमच्याकडं खुनाला शेवटचा शब्द विधवेचा. फान म्हणाला, "खौ घरची सून, तू बोल. सोडू याला?"

लाइफूचा एक डोळा मिटला होता. दुसऱ्यानं माझ्याकडं बघत होता. "वहिनी, मी नाही केलं. शपथ घेऊन सांगतो वहिनी, मी नाही."

"नका सोडू."

नदीवर नेला. मीही गेले, शेवटपर्यंत पाहिलं. भाला एकदा घालून भागलं नाही. भालेवाल्या पोरांना सवय नव्हती, फान शिव्या देत होता. मग हुआन नदीत लोटून दिला.

बरं वाटलं. हो, वाटलं! खोटं कशाला लिहू?

४ मार्च

फाननं आमचं घर उकरलं. चूल फोडली, भिंती ठोकून पाहिल्या. काही मिळालं नाही. जाताना कोंबड्या नेल्या.

१६ मार्च

सासरे जेवत नाहीत. भिंतीवर डोकं आपटतात, धप् धप्. मी म्हटलं, "बाबा, एका पोरानं दुसऱ्याला मारलं, यात तुमचा काय दोष?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी घास खाली ठेवला.

५ एप्रिल

आज सगळं गाव पितरांच्या थडग्यांवर. झाडलोट, ताजी माती, वाफवलेले पाव, दारू. मी त्या सपाट मातीवर मेलेल्यांसाठीच्या कागदी नोटा जाळल्या. धड थडगंसुद्धा नाही त्याला! तो तिथं उभाच्या उभा अडकलाय की आडवा पडलाय, तेही माहीत नाही मला.

सासरे आले नाहीत. नदीवर गेले होते, लाइफूसाठी कागद जाळायला. मी भांडले, तोंडाला येईल ते बोलले. खुन्याला नोटा!

शुआनला वर काढणार. दातांनी माती उकरावी लागली तरी काढणार.

१९ एप्रिल

सरकारी खोदकामवाले आलेत. बरोबर सैनिक. त्यांचे मुख्य हुओ साहेब — चष्मा, तुटका बूट, सारखा खोकला. आमच्या शेतापलीकडंच त्यांनी दोऱ्या ताणल्या. फान चडफडतोय. त्याच्या तोंडचा घास गेला.

मला काम मिळालं. निघालेली हाडं ब्रशनं साफ करायची. बाकीच्या बाया हात लावत नाहीत. मला कसली भीती आता?

पहिल्याच दिवशी हुओ साहेब मला "वहिनी" म्हणाले. म्हटलं, एवढं सोडून काहीही म्हणा. आता "बाई" म्हणतात.

८ मे

राजाच्या कबरीत उतरायची मोठी उतरण सापडलीय. त्या उतरणीवर माणसं. पालथी, ओळीनं, हात पाठीशी. डोकी नाहीत. डोकी पलीकडं वेगळी मांडलीत, सगळी तोंडं कबरीकडं. मानेच्या मणक्यावर घाव दिसतात. एकाला तीन घाव. मारणाऱ्याला सवय नव्हती. हे मी बोलले, तर हुओ साहेब म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं?" मी ब्रश चालवत राहिले.

राजा मेला की बरोबर माणसं जायची, म्हणतात ते. तीन हजार वर्षांहून जुनी गोष्ट. कुणाला न्यायचं ते कोण ठरवायचं, मी विचारलं. तर म्हणाले, पितरांना विचारायचे. हाडावर कोरून विचारायचे — दहा मारू? वीस मारू? मग हाड तापवायचं आणि त्याला तडा कसा जातो त्यावरून उत्तर समजायचं.

मलाही विचारलं होतं. मला तर तापवावंही लागलं नाही.



२१ मे

फान मेला!

पहाटे टोळी घेऊन खोदकामावर चालून आला. दोन पहारेकरी तंबूतच भोसकले. मग सैनिकांनी बंदुका चालवल्या. उतरणीच्या कडेवर फानला गोळी लागली, गडगडत खाली गेला आणि त्या बिनडोक्यांच्या ओळीत जाऊन पडला. पोटातून सगळं बाहेर. "आई गं, आई गं" करत होता. कोणी खाली उतरलं नाही. टोफूवाल्याची बायको कडेला येऊन बसली आणि तो संपेपर्यंत उठली नाही.

सासऱ्यांना सांगितलं. आधी विश्वासच बसेना. मग हसले. हसता हसता जमिनीवर लोळून रडायला लागले. उठले ते थेट आनयांगला पायी निघाले. "काय काम आहे?" तर म्हणे, "तार करायचीय." आमचं आहे कोण तार करण्याजोगं! डोकं फिरलं म्हाताऱ्याचं.

२९ मे

हुओ साहेबांचे पाय धरले. माझ्या माणसाला वर काढा. त्यांनी नकाशा पाहिला. आमचा खड्डा त्याच कबरीच्या कोपऱ्यात उतरतो. "नाही तरी तिथवर यायचंच आहे, बाई. काढू."

सासरे आडवे आले. "झालं ते झालं, सूनबाई. माती उकरू नकोस. थोडे दिवस थांब, मी सगळं सांगतो." म्हटलं, आणखी काय सांगायचं राहिलंय?

६ जून

दोन पुरुष खोल खणून झालंय. हुओ साहेब मातीचा कडा बोटानं दाखवत म्हणाले, "हे खचलेलं नाही, बाई. खचली की बाजूची माती ढेकळांसकट पडते. ही वरून फावड्यानं लोटलीय."

बघा! मी म्हणत होते ना! लाइफूनंच लोटली. मी चुकले नाही.

चुकले नाही.

१० जून

तळ लागला.

मी निळं जाकीट घेऊन उभी होते, शुआनला घालायला. हुओ साहेब स्वतः खाली होते, ब्रश घेऊन. माणसं निघाली. आडवी, डोकी नसलेली, हाडं मातीच्या रंगाची झालेली. सगळी जुनी. कोपऱ्यात एक चौकोनी हिरवा डाग — काहीतरी भलं मोठं काशाचं तिथं हजारो वर्षं बसलं होतं, आणि आता नव्हतं.

"आणखी खणा," मी म्हटलं. ते म्हणाले, "खाली अस्सल माती लागलीय. हात न लावलेली." "मग बाजूला खणा!" बाजूलाही खणलं. हुओ साहेब वर आले, चष्मा पुसला. फार हळू बोलले. "बाई, इथं तुमचा माणूस नाही. इथं या वर्षी कोणीच मेलेलं नाही."

मागं वळून पाहिलं. सासरे आलेच नव्हते.

१३ जून

शुआन आलाय. तिआनजिनहून. अंगावर नवा झगा, चांगला भरलाय. मला बघून हसला आणि मग ओशाळला. "बाबांनी नाही सांगितलं? भांडं फानच्या तावडीतून काढायचं तर मेल्याशिवाय गावाबाहेर पडता येत नव्हतं. तुला मुद्दामच कळू दिलं नाही. तुझं रडणं खरं असायला हवं होतं." फान मेल्याची तार मिळाली, म्हणून आला.

सासरे मागच्या दारानं निघून गेले.

भावासाठी कातडी बूट आणलेत त्यानं. हातात धरून अंगणात उभा आहे आणि हाका मारतोय, "लाइफू! अरे ए लाइफू! कुठं उलथलास?"