विहिरीमागच्या माडाचं शहाळं

अण्णा, विहिरीमागचा माड अजून आहे. त्याचीच चार शहाळी घेऊन मी रेवसहून लाँचने मुंबईच्या हॉस्पिटलात गेलो. तुमच्या नातीला रक्ताचा कर्करोग झालाय. नऊ वर्षांची आहे. तुम्ही तिला पाहिलंच नाही.

डॉक्टरबाईंनी औषधाआधीच सांगितलं होतं. हिच्या पांढऱ्या पेशी फार वाढल्यात, औषधाने त्या एकदम फुटतील, त्यांच्यातलं पोटॅशियम रक्तात उतरेल, मूत्रपिंडांना झेपलं नाही तर हृदयच थांबेल. आकड्यांवरून हिला धोका जास्त दिसतो, म्हणून सलाईन चालू आणि दर सहा तासांनी रक्ताची तपासणी. केळं नको, फळांचा रस नको. मी मान हलवत राहिलो. बरं करणाऱ्या औषधानेच जीव जाऊ शकतो, एवढंच डोक्यात राहिलं. भीतीसुद्धा वाटली नाही. काहीच वाटलं नाही.

मग तुमचा आवाज आला. मला ताप आहे, आई चुलीवर चहा ठेवतेय आणि तुम्ही ओटीवरून ओरडताय, "चहा कसला पाजतेस त्याला? शहाळं फोड!" वाडीतलं पहिलं शहाळं देवाला, पुढचं घरातल्या आजाऱ्याला, हे तुम्ही कधी मोडलं नाहीत. शहाळ्याला मी फळांत धरलंच नाही. देवाचं नाव घेतलं आणि पेला भरला.

संध्याकाळच्या तपासणीत पोटॅशियम चढलेलं. ईसीजी, धावपळ. "अंदाजापेक्षा फार लवकर चढलं," बाई म्हणाल्या. "बाहेरचं काही दिलंत?"

"पेलाभर शहाळ्याचं पाणी."

"दोन पेले," पोरगी पडल्यापडल्या म्हणाली. "आणि मलई पण. बाबा, खोटं नको बोलूस."

"अहो, त्यात पोटॅशियमच असतं! कोणी सांगितलं द्यायला?"

"तिच्या आजोबांनी."

"मग त्यांना सांगा, शहाळं बंद."

डायलिसिसची तयारी झाली होती, लागलं नाही. तिसऱ्या दिवशी आकडे उतरले. उपचार अजून चालू आहेत. ती जेवते, भांडते. मी रोज देवापुढे बसतो, पण हात जोडल्यावर मनात काही येत नाही.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी विचारलं होतं, "आजोबांना सांगितलंत ना?" "सांगितलं," म्हणालो. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, हे तोंडातून निघालं नाही. चूक माझी होती, पुढे तुम्हाला केलं. हा कागद देव्हाऱ्याच्या खणात राहील. पण बाईंना जे सांगितलं, निदान ते तरी खोटं राहू नये. अण्णा, पोरीला शहाळं द्यायचं नाही.