दूधसंघाचा फोन आणि मावशीचं तोंड

कासापा, सोमवार

तीर्थरूप एउलालिया मावशीस,

नेमेसियो दोन्ही हात जोडून आशीर्वाद मागतो. तुझे गुडघे कसे आहेत? कोंबड्या अंडी घालताहेत ना? इकडे सर्व ठीक. (आईही ठीक आहे, पण हे कळवायला तिने सांगितलेलं नाही.) तू आमचा फोन उचलत नाहीस, म्हणून एन्कार्नासियोनला येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती हे पत्र धाडतोय. माणसाने रुसावं, पण मक्याच्या चिपा ग्वासूत चीज किती घालायचं यावरून सख्ख्या बहिणीवर इतकं रुसावं का, हे मी विचारत नाही. लहान तोंडी मोठा घास नको.

माझी हकीकत अशी. आमच्या दूधसंघाने गोठ्यागोठ्यांवर फिरणाऱ्यांना फोन दिलेत, हे तुला ठाऊक आहेच. ते म्हणायला आमचे, नाडी असुन्सियोनच्या मुख्य कचेरीच्या हातात. तिथून फर्मान सुटलं की पासवर्ड बंद, यापुढे फोन चेहरा बघून उघडेल. (आमची मंडळी पासवर्ड विसरू नये म्हणून तो दुधाच्या कॅनवर खडूने लिहीत, त्याचं हे फळ.) अट एकच, आधी नवा चेहरा दाखवायचा आणि मगच जुना पासवर्ड पुसायचा. क्रम चुकला की फोन स्वतःला चोरीचा समजतो, पोटातलं सगळं पुसतो आणि कचेरीच्या नोंदणीतून बाहेर पडतो. सगळ्यांचे फोन मी बिनचूक करून दिले. राहिला माझा.

तो मी तू आलेली असताना आपल्या अंगणात करायला घेतला. थंडगार तेरेरे पिण्याचा पेला हातोहात फिरत होता. माझी पाळी आली म्हणून मी पेला घ्यायला जरा वाकलो, तेवढ्यात तू मागून फोनमध्ये डोकावलीस. "काय रे म्हणतंय हे? मान डावीकडे करा? ही केली. उजवीकडे? घे बाई, उजवीकडेही!" एवढी आज्ञाधारक तू पाद्रीबाबांपुढेसुद्धा कधी नव्हतीस. हिरवी खूण उमटली. मला वाटलं, तुझी गंमत चाललीय आणि खूण माझीच. मी समाधानाने जुना पासवर्ड पुसून टाकला. त्याच संध्याकाळी तुमचं चीजचं रामायण झालं आणि तू तरातरा बस धरलीस. माझ्या फोनची किल्ली खिडकीजवळच्या सीटवर बसून चाललीय, हे मला काय ठाऊक!

आता फोन मला ओळख दाखवत नाही. तुझा बाप्तिस्म्याच्या जेवणातला फोटो धरून पाहिला. तुझी राहिलेली शाल डोक्यावरून घेऊन गुडघ्यांची तक्रारही करून पाहिली. ढिम्म. कचेरीला कळवावं, तर ते तिथूनच फोन पुसून नोंदणीतून काढणार. शुक्रवारी तपासनीस डॉन एर्मिनियो येतोय. नोंदणी गेलेली दिसली की माझी जागा तो आपल्या जावयाला देणार. जावई येऊन माझ्या खुर्चीवर बसूनही गेला (कुरकुरते म्हणाला). तरी तू काळजी करू नकोस. सहज कळवलं, इतकंच.

तुझा भाचा,
नेमेसियो

ता. क. गुरुवारच्या बसने ये. स्वतः यायचं नसेल तर नको येऊस, पण तोंड तेवढं पाठव.

आणखी ता. क. वरचं रद्द. चीजबद्दल मी काय लिहिलंय ते बघायला आई माझ्या खांद्यावरून वाकली (डोकावण्याची खोड तुम्हा दोघींची एकच), आणि टेबलावरचा फोन तिला बघून टपकन उघडला! "माझ्यात आणि त्या भोपळतोंडीत काय सारखं दिसलं रे ह्याला? आंधळा मेला!" असा तिने जो आकांत मांडला, त्या गडबडीत मी माझाही चेहरा आत घालून घेतला. नोंदणी शाबूत, नोकरी शाबूत. तू खुशाल रूस.

शेवटचा ता. क. मावशी, ये ग. आई फोन सोडत नाही. बंद करते, तोंडासमोर धरते, उघडला की हसते आणि पुन्हा बंद करते. गोठ्यांवर जायचंय म्हणून आत्ता मागायला गेलो, तर डोळे पुसत म्हणाली, "थांब रे. अजून एकदा त्याला मला एउलालिया समजू दे."