मिल्वाची दुपारची झोप

३ डिसेंबर

पोचले एकदाची! बसमधून उतरले तेव्हा झगा लाल मातीनं माखलेला होता, पण घर बघितलं आणि शीण गेला. तिन्ही बाजूंनी उसाचे मळे, पुढं आंब्याची दोन झाडं, लांबलचक पडवी. स्वयंपाकाच्या न्या लिब्रादानं, म्हणजे लिब्रादामावशीनं, तेरेरेचा, पाल्याच्या थंडगार चहाचा, पेला हातात दिला आणि विचारलं, की कारटीला झोपवायला आलेली चौथी ती तूच का गं, नेमेसिया? कारटी म्हणजे मिल्वा, वीस महिन्यांची. उचलून घेतलं तर माझ्या कानातलं ओढून खदखदा हसली. मालकीण एलोदियाबाई, सगळ्यांच्या दोन्या एलोदिया, फार थकलेल्या दिसतात. नवरा ब्वेनोस आयरेसला बांधकामावर, यांचं गावात कापडाचं दुकान. म्हणाल्या, मिल्वा दुपारी झोपत नाही म्हणून रात्री किरकिरते, आणि वीस महिन्यांत माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. भिंतीवर एक कागद लावलाय. किती वाजता झोपली, किती वाजता उठली, एवढं त्यावर लिहायचं. बाकीचं मी इथं लिहीन.

५ डिसेंबर

घरची पाच भावंडं मीच झोपवली, पण मिल्वा म्हणजे नमुना आहे. साडेअकराला मक्याची पेज, मग कोमट पाण्यानं अंघोळ, खिडक्या बंद, अंगाई. ती कान चोळायला लागली की तेवढ्यात तिला आडवं करायचं. ती वेळ हुकली की संपलं, मग घरभर नाचते. आज सव्वा तास थोपटलं आणि बाईसाहेब झोपल्या वीस मिनिटं. न्या लिब्रादा बाराला तिच्या घरी जाते, मग उन्हं कलेपर्यंत रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. जाताना मला चिडवून गेली, की हिला तासभर झोपवून दाखव, माझी काळी कोंबडी तुझी.

९ डिसेंबर

कोंबडी जिंकले! मागच्या गार खोलीत एक जुनी, मोठं माणूस मावेल एवढी सुती झोळी टांगलेली दिसली. मिल्वाला तिच्यात ठेवलं आणि पाणी आणायला गेले. दोन मिनिटांत परत येते तो पोरगी गाढ झोपलेली, झोळी आपली हलतेय. एक वाजून पाच ते दोन चाळीस. संध्याकाळी बाईंनी कागद बघितला आणि मला मिठीच मारली. कुठं झोपवलीस, विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मागच्या खोलीकडं बघितलं. मग म्हणाल्या, रोज तिथंच झोपव.

न्या लिब्रादानं कोंबडी दिली, पण हसली नाही.

१२ डिसेंबर

काल दोन तास, आज अडीच. मला काहीच करावं लागत नाही. आज मुद्दाम झोळीला हात लावला नाही, खुर्चीत बसून राहिले. वारा नव्हता, आंब्याचं पान हलत नव्हतं. झोळी हलली. आधी हळू, मग एका तालात. कर्र, कर्र. थांबवायला दोरी धरली. मिल्वा असेल दहा-अकरा किलोची. हाताला ओझं लागलं ते मोठ्या माणसाचं.

१३ डिसेंबर

न्या लिब्रादाला विचारलं. तिनं आधी छातीवर क्रूस काढला. सांगू लागली, की ती झोळी पास्तोराची. पास्तोरा या घरची दाई, तिनं एलोदियाला वाढवलं, मग एलोदियाच्या धाकट्या भावाला. तो दोन वर्षांचा होता. एका दुपारी त्याला छातीवर घेऊन ती झोळीत आडवी झाली, ती दोघंही उठली नाहीत. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. एलोदिया तेव्हा सहा वर्षांची, तिनंच आधी बघितलं. पुढं म्हणाली, की पोरी, मी या घरात भाकरी कमावते, पण त्या खोलीत झाडूसुद्धा मारत नाही.

१५ डिसेंबर

बाईंशी बोलले. रागावतील वाटलं होतं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पास्तोरानं मलाही असंच थोपटलंय, तिच्याएवढी माया कुणी केली नाही. पोर झोपते, मी झोपते, तुझं काय जातं? चेहरा टवटवीत होता त्यांचा. मी म्हटलं, आणि तुमचा भाऊ? त्यांनी दुकानाच्या किल्ल्या उचलल्या आणि निघून गेल्या.

आज तीन तास दहा मिनिटं. उठल्यावर मिल्वा हसली नाही.

१६ डिसेंबर

झोळी परसात नेऊन जाळली. मिल्वाला माझ्या पलंगावर निजवलं, दार लावलं, शेजारी बसले.

ती डुलतेय. पलंग हलत नाही. ती हलते — डावीकडे, उजवीकडे — आणि आवाज तोच, कर्र, कर्र. उचलून घेतलं तर माझ्या हातांतही —

चार तास. गालावर पाणी मारलं. डोळे उघडले नाहीत.

१७ डिसेंबर

पावणेसहा तास. पेज ओकली. ओठ पांढरे. बाईंनी कागद बघितला, म्हणाल्या, छान.

उद्या न्यायची. आधी डॉक्टरकडे, मग माझ्या आईकडे. चोर म्हणोत मला.

१८ डिसेंबर

बसथांब्यावर. साडेबारा. बस एकची. रस्त्यावर कुणी नाही. मिल्वाला झोपू द्यायचं नाही — चिमटे काढतेय, गाणी म्हणतेय, चिपा पावाचा तुकडा भरवला. जागी आहे. माझ्या मांडीवर. मीही जागं राहावं म्हणून लिहितेय.

एक वाजून गेला. बस नाही.

मिल्वा जागी आहे. टक्क. कान चोळत नाही. माझ्या मागं बघून हसतेय — किती दिवसांनी —

कुणीतरी गुणगुणतंय. मी नाही.

माझ्या कपाळावर हात. खरखरीत, गार. किती बरं वाटतंय — नाही — नेमेसिया, लिही —

मिल्वा मांडीवरून उतरली. तोंडावर बोट ठेवलं, मला श्श केलं. उसाकडं निघाली. एक हात वर धरलाय, कुणाचं तरी बोट धरल्यासारखा —

हाक मारतेय. तोंडातून आवाज नाही. पाय उचलत ना

मिल्व