ओलं चित्र आधी

प्रिय ठमाबाई,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आई जिन्यावरून पडली. ते खोटं आहे. तू उत्तरात सरळ विचारलंस, तुमच्या बैठ्या घरात कुठला आलाय गं जिना? तुझं ते पत्र मी तीन आठवडे रंगांच्या डब्यांमागे लपवून ठेवलं. आणखी एक चूक. तेव्हा मी बाजारात गेले होते, असंही लिहिलं होतं. मी घरातच होते, चार पावलांवर.

बाबा एका वकिलांचं चित्र पूर्ण करत होते. आई चहा घेऊन आली, चित्राकडे बघून हसत म्हणाली, नाक जरा जास्तच शहाणं झालंय वकीलसाहेबांचं. बाबांनी चौकटी ठोकायचा लाकडी हातोडा उचलला आणि तिच्या जबड्यावर मारला. एकदाच. आवाज फारसा झाला नाही. आई ईझलवर आदळली, ईझल कलंडला, आणि मी धावले. धावले ती चित्राकडे. दोन्ही कडा धरून ते भिंतीला टेकवलं, रंग कुठे पुसला नाही ना ते पाहिलं, मग आईकडे वळले. तोवर तिने दोन दात तळहातावर घेतले होते. बाबा मला शाब्बास म्हणाले आणि हात धुवायला गेले.

दहा वर्षांची होईपर्यंत मी शाळा पाहिली नव्हती, हे तुला माहीत आहे. बाबांनीच घरी शिकवलं. ओलं चित्र आधी सांभाळायचं. दिसेल तेच काढायचं, मनातलं नाही. खाली तारीख घालायची. चुकलं की ब्रशच्या दांड्याने बोटांच्या पेरांवर. माझा हात चांगला आहे म्हणतात, तो असा झाला.

तू परदेशी गेल्यापासून सात वर्षं मी पत्रांच्या समासात चित्रं काढतेय. शब्दांत पांघरूण घालत आले, पण चित्रात खोटं काढायला मला येतच नाही. आईच्या गळ्याभोवतीचा रुमाल आठवतो? तो भर उन्हाळ्यातला आहे. एकदा तिचा उजवा डोळा मिटलेला काढला होता, तर तू लिहिलंस, काय गोड डुलकी काढतायत काकू. ती जागी होती, ठमे. तो डोळा उघडत नव्हता.

आई सध्या मावशीकडे आहे. जबडा तारांनी बांधलाय. त्यातूनही फटीफटीतून बोलते, आता वय झालंय त्यांचं, हात दमेल आपोआप. वीस तारखेला, शुक्रवारी, बाबा तिला घरी आणायला जाणार आहेत. मावशीने त्यांना हो म्हटलंय.

माझ्या नुसत्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? अर्ध्या शहराची चित्रं बाबांनी काढलीत, पोलीस चौकीच्या भिंतीवरचं मोठं चित्रसुद्धा त्यांचंच. म्हणून हे पत्र. माझी सगळी पत्रं, पाकिटांवरच्या शिक्क्यांसकट, मावशीच्या पत्त्यावर लगेच पाठव. एकही वगळू नकोस, खोटी तर मुळीच नको. कुठे काय खोटं लिहिलं ते मीच सांगेन. मी आधी चित्र धरलं, तेही सांगेन. न सांगता चौकीत गेले तर ते मला तिथेच गाठेल. पत्रं वेळेत नाही पोचली तरी मी जाणार आहे: बुधवारी, अठरा तारखेला, सकाळी दहा वाजता.

तुझीच,
घाबरट